दोनवर

दिवा बदलला नव्हता. एमेटने मात्र तो बदललेला पाहिला होता. 'थांबा' सांगणारा तांबडा पंजा विझून त्या जागी चालणारा पांढरा माणूस उमटताना त्याने इतक्या स्वच्छपणे पाहिला होता, की पाऊल उचलताना त्याच्या मनात शंकेचा लवलेशही नव्हता. मग मागून कुणीतरी कोटाची बाही धरून त्याला खेचले, आणि जिथे त्याची छाती आली असती तिथून बस निघून गेली. तिच्या खिडक्यांतले चेहरे एकामागून एक सरकले. एका मुलीने काचेवर नाक चेपले होते. बस गेली तेव्हा रस्त्यापलीकडचा खांब दिसला, आणि खांबावरचा पंजा तांबडाच होता.

"डोळे घरी विसरलास का रे?" बाही धरणारी म्हातारी म्हणाली. तिच्या दुसऱ्या हातातल्या पिशवीतून कोबीचा गड्डा डोकावत होता. "रेड्याएवढा वाढलायस! तुला ओढता ओढता माझाच खांदा निखळायचा." तो काहीतरी पुटपुटला आणि पुन्हा पुढे झाला. "अजून नाही," ती म्हणाली. तिने बाही सोडली नव्हती. दोघे तसेच उभे राहिले. अनोळखी म्हातारी आणि तिने दावणीला धरल्यासारखा धरलेला तो. मग पंजा विझला, पांढरा माणूस उमटला, अगदी मघाशी उमटला होता तसाच. "हं, आता," ती म्हणाली आणि बाही सोडून चालू लागली.

तो गेलाच नाही. माणसे त्याच्या दोन्ही बाजूंनी वाहत गेली, पंजा पुन्हा तांबडा झाला, आणि ईरी सरोवरावरून येणारा नोव्हेंबरचा वारा गल्लीच्या तोंडाशी येऊन त्याच्या कानांत शिरू लागला. भीती बसची नव्हती. बस ही साधी गोष्ट होती. ती होती, आणि मग नव्हती. भीती होती ती त्या स्वच्छपणाची. चुकलेल्या गोष्टीला चुकल्याचा काहीतरी वास हवा, तिच्या कडा थोड्या विरलेल्या हव्यात, म्हणजे माणूस तिला वेगळी काढून ठेवू शकतो. इथे तसे काही नव्हते. जे अजून व्हायचे होते ते होऊन गेल्यासारखे दिसले होते, आणि दोहोंतला फरक सांगायला त्याच्यापाशी एका परक्या बाईच्या हाताशिवाय काहीही नव्हते. आणि शनिवारी शेवटचा सामना होता.

कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात एमेट स्लोविक सेंटर होता. ओळीच्या मधोमध ओणवे व्हायचे, चेंडूवर हात ठेवायचा, आणि ठरलेल्या हाकेला तो दोन पायांमधून मागे, डाव चालवणाऱ्या क्वार्टरबॅककडे भिरकावायचा. खेळ तिथून सुरू होतो. पुढच्याच क्षणी समोरचा माणूस भिंत पडावी तसा अंगावर येतो, आणि चेंडूचे पुढे काय झाले ते सेंटरला बहुधा प्रेक्षकांच्या आवाजावरूनच कळते. हाक म्हणजे 'हट' एवढा एकच उच्चार. दर डावाआधी जमणाऱ्या घोळक्यात टेरेल, त्यांचा क्वार्टरबॅक, डाव सांगायचा आणि शेवटी म्हणायचा, "दोनवर." म्हणजे पहिल्या हाकेला कुणी पापणीही हलवायची नाही, दुसरीला सुटायचे. समोरचे लोक पहिलीलाच फसावेत म्हणून ही युक्ती. साऱ्या संघाचे बळ त्या एका न हलण्यात साठलेले असे, आणि न हलणे ही एमेटला आयुष्यात सर्वांत चांगली येणारी गोष्ट होती. लाजाळू मुलाला ती निराळी शिकावी लागत नाही. वर्गात, लग्नसमारंभात, मुलींसमोर जे त्याचे वैगुण्य ठरत आले होते ते या ओळीत आल्यावर गुण झाले होते. त्याचा बापही किनाऱ्यावरच्या गावात, ओतशाळेत लागण्याआधी, शाळेच्या संघाचा सेंटर होता. दर रविवारी चर्चहून आल्यावर तो फोन करी आणि एकच प्रश्न विचारी, "चेंडू स्वच्छ गेले ना?" गेले, असे एमेट म्हणे. "मग बरं. सेंटरचं नाव लोकांना कळलं की समजावं, काहीतरी बिघडलं." आणि फोन आईकडे जाई.

नाव न कळणे त्याला आवडत असे. ओणवे झाल्यावर पायांमधून मागे पाहिले की जग उलटे दिसे: वर गवत, खाली आकाश, आणि त्या आकाशात पाय रोवून उलटा उभा असलेला टेरेल, हात पुढे करून वाट पाहणारा. ऑक्टोबरात आकाश खाली फार खोल असे. कधी कधी त्याला वाटे, चेंडू आपण मागे फेकत नाही, त्या निळ्या विहिरीत सोडतो, आणि टेरेल तो बुडण्याआधी झेलतो. हे तो कुणाला सांगत नसे. डाव्या हाताला ऑटिस प्रूइट बसलेला असे, त्याचा खोलीतला सोबती, हसरा, डोंगराएवढा. त्याच्या श्वासाला दालचिनीच्या गोळीचा वास येई. ऑटिसचा गुडघा एमेटच्या गुडघ्याला टेकलेला असे. एवढा स्पर्श त्याला दिवसभर पुरे.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी काही घडले होते असे म्हणणेही अतिशयोक्तीचे झाले असते. समोरच्या माणसाचे हेल्मेट आणि त्याचे हेल्मेट एकमेकांवर आदळले. असे दर डावाला आदळते. फक्त त्या वेळी आवाज आला नाही. तोंडात जुन्या नळाच्या पाण्याची चव आली, आणि मग तो घोळक्यात उभा होता. उठलो कधी, चालत आलो कधी, कोण काय बोलले, तो तुकडा नव्हताच. दुखत काही नव्हते. ऑटिस त्याच्या पाठीवर थापटत होता, टेरेल म्हणत होता, "एकवर," आणि त्याने चेंडू एकवर सोडला, स्वच्छ. मग पुढच्या आठवड्यात दाढी करताना वस्तरा खाली ठेवलेला आठवत होता आणि वस्तरा हातात होता. ग्रंथालयात पान उलटल्याचे आठवत होते आणि पान उलटलेले नव्हते. लहानपणी बाप त्याला गाडीतून सरोवराकाठी नेई आणि दोघे दीपगृह पाहत बसत. झोत डोळ्यांवरून जाई, मग अंधार, मग पुन्हा झोत. मधल्या अंधारात सरोवर कुठे जाते, असे त्याने एकदा विचारले होते. "कुठं जाणार? तिथंच असतं की," बाप म्हणाला होता. कॉलेजच्या हेल्मेटवरही दीपगृहच रंगवलेले होते. संघाचे नावच मुळी 'कीपर्स', दीपगृहाचे राखणदार. ते हेल्मेट डोक्यावर चढवताना त्याला आता ते उत्तर आठवे, आणि वाटे, खरेच तिथेच असते का?

सांगायचे कुणाला, हे ठरलेले होते. व्यायामशाळेच्या तळघरात, निलगिरी आणि ओल्या टॉवेलांच्या वासाच्या खोलीत, संघाची शुश्रूषा पाहणारी मिस जोलीन बसे. दुखरे सांधे, मुरगळलेले घोटे, आणि डोकी. ऑगस्टात, मोसम सुरू होण्याआधी, ती एकेकाला बोलावून त्याचे डोके तपासून ठेवी. पाच शब्द सांगे, ते परत म्हणायला लावी, मग इकडचे तिकडचे विचारून पुन्हा तेच शब्द मागे. पुढे कुणाच्या डोक्याला मार बसला तर तेव्हाचे उत्तर ऑगस्टातल्या उत्तराशी ताडून पाहायचे. यावर मुलांनी कधीच तोड काढली होती. ऑगस्टातच मुद्दाम अडखळायचे, एखाददुसरा शब्द गाळायचा. म्हणजे पुढे खरोखर गाळला तरी फरक दिसत नाही. 'ऑगस्टात मठ्ठ, नोव्हेंबरात घट्ट' ही म्हण कुणी रचली कुणास ठाऊक, पण नव्या मुलांना ती आंघोळीच्या नळाखालीच शिकवली जाई. शिवाय जो आधी आत जाई तो बाहेर येऊन शब्द सांगे. आणि मिस जोलीन वर्षभर तेच पाच शब्द वापरते असा सर्वांचा पक्का समज होता. या वर्षीचे शब्द ऑटिसने रेडिओवरच्या सॉसेजच्या जाहिरातीच्या चालीत बसवले होते: कंदील, मेंढी, चमचा, खिडकी, मध. जेवताना, बसमध्ये, बूट बांधताना तो ते गुणगुणे. सगळे गुणगुणत. त्यात लबाडी आहे असे कुणालाच वाटत नसे. पावसात छत्री घेण्याइतकीच ती साधी खबरदारी होती. एमेटने ऑगस्टात 'चमचा' आणि 'मध' गाळले होते, आणि मिस जोलीनने चष्म्यावरून पाहत म्हटले होते, "हुशार मुलं ऑगस्टात का बावळट होतात, देव जाणे."

एकदाच मैदानावर चुकले होते. घरच्याच मैदानावर, सामना हातात असताना. टेरेलने दोनवर सांगितले होते आणि एमेटने दोन ऐकले होते. दोन्ही 'हट' एकापाठोपाठ कानांवर आल्याचे त्याला आजही आठवत होते. पण चेंडू गेला तेव्हा दुसरी हाक झालेलीच नव्हती; टेरेल दुसरीकडे पाहत हात दाखवत होता. चेंडू त्याच्या करंगळीवर बसला, करंगळी मागे वळली. सामना जिंकला, म्हणून कोच डफी हसून म्हणाला, "स्लोविक, घाई कसली? घरी दूध उतू जातंय का?" टेरेलने बोटाला पट्टी गुंडाळून घेताना एवढेच म्हटले होते, हळू, इतरांना ऐकू जाणार नाही असे, "दोनवर होतं, भावा."

रस्त्यावरच्या त्या प्रसंगानंतर त्याच दुपारी सरावाला कोचने सर्वांना गुडघ्यावर बसवले. गवतावर रात्रीचे पातळ बर्फ अजून कोपऱ्याकोपऱ्यांत होते. "शनिवारी त्यांचं मैदान आहे," कोच डफी म्हणाला. "तिथं माणसाला स्वतःची शिंक ऐकू येत नाही. ओरडून ओरडून जीव नकोसा करतात. फक्त एकच वेळ शांतता पडते, ती आपण त्यांच्या छातीवर बसून गुण घेतला की. म्हणून हाकबीक काही नाही. तोंडं बंद. सगळं एमेटच्या डोक्यावर." म्हणजे असे, की टेरेल तयार झाला की पाय उचलणार, एमेट ते पायांमधून पाहणार, मग मान वर करून समोर बघणार, त्याचे डोके वर आले की त्या क्षणापासून सगळे मनातल्या मनात मोजणार, एक, दोन, आणि दोनवर सुटणार. चेंडूही दोनवर.

"पण कोच, ह्याच्या डोक्यातले दोन आणि आमच्या डोक्यातले दोन एकच कशावरून?" लिंडेलने विचारले. तो पहिल्या वर्षाचा, एमेटच्या मागचा राखीव सेंटर.

"ह्याच्या डोक्यात दोनच्या पुढं आहेच काय!" ऑटिस म्हणाला, आणि सगळे खिदळले. कोचही हसला. मग एमेटच्या टाळूवर पंजा ठेवून म्हणाला, "ह्यात घड्याळ आहे, बाळांनो. चार वर्षं ऐकतोय मी."

त्यांनी ते वीस-पंचवीसदा करून पाहिले आणि दर वेळी ते जमले. जमत असताना एमेटला जे वाटले ते त्याला पूर्वी कधीच वाटले नव्हते. त्याने मान उचलली की त्याच्या मनातला आकडा, कुणालाही न ऐकू जाता, ओळीतल्या पाचही देहांत उतरत होता. बोलावे न लागता माणसांशी बोलता येण्याची जी इच्छा त्याने आयुष्यभर बाळगली होती ती अशी, घामाच्या आणि चिखलाच्या वासात, पुरी होत होती. आणि ती पुरी होत होती नेमकी त्या जागेतून, जिथे काहीतरी निखळले होते. जणू सगळ्यांनी मिळून त्याला त्यांच्या घराची किल्ली दिली होती आणि त्याच्या खिशाला भोक होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑटिस अंडी तळत होता. शेगडीवरच्या चरचरीत पाठमोरा, चड्डीवर. एमेटने विचारले, "तुला कधी असं झालंय का, की एखादी गोष्ट व्हायच्या आधीच झाली असं वाटलं?"

"रोज. परीक्षेत. पेपर हातात यायच्या आधीच नापास झाल्यासारखं वाटतं." ऑटिसने अंडे उलटले, मग थांबला. उलथने हातात घेऊन वळला. "डोकं दुखतंय?"

"नाही." आणि हे खरे होते.

ऑटिस त्याच्याकडे पाहत राहिला. त्या रुंद, विनोदी चेहऱ्यावर क्षणभर एक दुसराच चेहरा आला, लहान मुलाचा, ज्याला दार उघडायचे नाही. "कंदील, मेंढी?" त्याने विचारले.

"चमचा, खिडकी, मध."

"झालं तर! ठणठणीत आहेस. शनिवारनंतर काय दुखायचं ते दुखू दे. रविवारी आपण दोघं मिळून विव्हळू." त्याने अंडी ताटलीत सरकवली आणि जाहिरातीची चाल गुणगुणू लागला, नेहमीपेक्षा थोडी मोठ्याने. एमेट खात राहिला. हरले तर शनिवारनंतर शनिवार नव्हता. चौथे वर्ष, शेवटचे. मग तो कुठल्यातरी कचेरीत खुर्चीवर बसेल आणि त्याच्या गुडघ्याला कुणाचा गुडघा टेकणार नाही. जिंकले तर विभागाचे अजिंक्यपद, पुढची फेरी, आणखी एक शनिवार, कदाचित दोन. माणूस एवढ्यासाठी डोके पणाला लावतो का, असे कुणी विचारले असते तर त्याला हसू आले असते. डोके तर सर्वांचेच पणाला लागलेले होते. त्याला फक्त एवढे कळत नव्हते, की ते एकट्याचे आहे की सगळ्यांचे.

शुक्रवारी सामन्याच्या गावी नेणाऱ्या बसमध्ये टेरेल त्याच्या शेजारी येऊन बसला. तो सहसा मागे बसे. करंगळी अजून शेजारच्या बोटाला बांधलेली होती. खिडकीबाहेर द्राक्षांचे उघडे मळे, तारांवर वाळलेल्या वेली, मैलोगणती तेच. "उद्या आई येतेय बघायला," टेरेल म्हणाला. "रात्रपाळी करून, तशीच गाडी हाकत. तिला यातलं काही कळत नाही. चेंडू कुठं आहे तेच सापडत नाही म्हणते. मी सांगितलं, चेंडूकडं बघूच नको. मधला तो जाडा आहे ना, त्याच्या मानेकडं बघ. ती वर झाली की एक, दोन, आणि मग मला शोध." तो हसला. "मीपण तेच करणार आहे. बाकी जग मेलं तरी चालेल."

त्या वेळी सांगता आले असते. शब्द त्याच्या तोंडात आलेही होते. पण त्याला असे वाटले, की ते आपण नुकतेच बोलून चुकलो आहोत; टेरेलने ते ऐकले, मान डोलावली, आणि गोष्ट संपली. तो निर्धास्त होऊन खिडकीला डोके टेकून बसला. बऱ्याच वेळाने त्याला उमगले, की टेरेल केव्हाचा झोपला आहे आणि कुणीही काहीही बोललेले नाही.

त्यांचे मैदान म्हणजे खरोखर आवाजाची खाण होती. तो कानांनी ऐकू येत नसे, दातांत ऐकू येई. पहिला अर्धा वेळ सरळ गेला. एमेट मान उचली, मोजी, सोडी. दर डावाआधी ऑटिस त्याच्या मांडीला टिचकी मारी, आणि त्या टिचकीला धरून तो काळाच्या या काठावरून त्या काठावर उतरे. उत्तरार्धात समोरच्या माणसाने दोनदा त्याच्या हेल्मेटखाली खांदा घातला. दुसऱ्या वेळी ती नळाच्या पाण्याची चव पुन्हा आली, आणि खाली, पायांमधल्या आकाशात, टेरेल क्षणभर दोन झाले. मग पुन्हा एक. शेवटची काही मिनिटे उरली तेव्हा कीपर्स चार गुणांनी मागे होते आणि चेंडू त्यांच्याजवळ होता. ओलांडली की सहा गुण देणारी सीमारेषा समोर दिसत होती, चुन्याने ओढलेली, एखाद्या घराच्या उंबऱ्यासारखी. घोळक्यात टेरेलच्या तोंडून वाफ निघत होती. "हाच डाव," तो म्हणाला. त्याने एमेटकडे पाहिले. "दोनवर."

तो ओणवा झाला. चेंडू थंड होता, जनावराच्या नाकासारखा. ऑटिसची टिचकी. उलट्या जगात टेरेलने पाय उचलला. एमेटने मान वर केली. एक, त्याने मोजले. दोन. आणि चेंडू सोडून तो समोर झेपावला, आणि झेपावताना त्याच्या लक्षात आले की आजूबाजूला कुणीच नाही. दोन्ही हातांना चौघे तसेच बसलेले होते, बोटे जमिनीत रुतवून, दगडासारखे, त्याच्या डोक्यातले दोन होण्याची वाट पाहत. समोरचेसुद्धा बसलेले होते. साऱ्या मैदानावर तो एकटा हलत होता. पानभर कोऱ्या कागदावर एकच शब्द असावा तसा. मग सगळे एकदम फुटले. मागे काय झाले ते त्याला दिसले नाही. तो उठून वळला तेव्हा टेरेल चेंडू पोटाशी धरून पालथा पडलेला होता, आणि त्याच्यावरून एकामागून एक माणसे उठत होती. टेरेल सर्वांत शेवटी उठला, एका पायावर. आणि वरून ध्वनिक्षेपकाचा आवाज आला, त्या सगळ्या गदारोळालाही चिरून: चेंडू निसटला, सेंटर एमेट स्लोविक. एमेट स्लोविक, असे लोक हर्षाने ओरडू लागले. त्याचे नाव हजारो तोंडांत होते. त्याला बापाची आठवण झाली; तो बैठकीत, रेडिओपाशी, मान खाली घालून बसला असेल.

कोचने खेळ थांबवून घेतला. टेरेल लंगडत जवळ आला. त्याने फक्त एमेटच्या डोळ्यांत पाहिले, आणि त्या पाहण्यात राग नव्हता हेच सहन होण्यासारखे नव्हते. "एमेट, इकडे ये," मैदानाच्या कडेवरून मिस जोलीनने हाक मारली.

"आत्ता नाही, जोलीन!" कोच ओरडला.

"आत्ताच. माझा अधिकार आहे तो." तिने एमेटला दंडाला धरून कडेच्या निळ्या तंबूत नेले. तंबू एवढासा होता. बाक, पाण्याची बाटली, आणि कापडातून झिरपणारा निळा उजेड, ज्यात तिचे पांढरे केस सरोवराखालून दिसावेत तसे दिसत होते. कोचने पडद्यातून डोके आत घातले. "एवढं सांग, चालेल ना तो? लिंडेलचे हात थरथरतायत." "बाहेर हो, डफी," ती म्हणाली. पडदा पडला. ती त्याच्या समोर बसली, कार्ड काढले, चष्मा चढवला. "घाबरू नकोस. ऐकायचं आणि म्हणायचं, बस्स. तयार?"

त्याने मान हलवली. तो तयार होता. सारा संघ ऑगस्टपासून याच क्षणासाठी तयार होता. तिचे ओठ हलले. तिचा थोडा घोगरा, सर्दीने बसलेला आवाज एकेक शब्द वेगळा ठेवत गेला, आणि तो संपताच एमेटने एकही न गाळता, शांतपणे, स्वच्छ, पाचही परत दिले. "कंदील. मेंढी. चमचा. खिडकी. मध."

मिस जोलीन त्याच्याकडे पाहत राहिली. तिने कार्ड गुडघ्यावर उपडे ठेवले.

"एमेट," ती म्हणाली, "मी अजून तोंड उघडलेलं नाही, बाळा."

बाहेर आवाज तसाच कोसळत होता. त्याने तिच्या ओठांकडे पाहिले. ते कोरडे, फुटलेले होते, आणि नुकतेच हललेले ओठ जसे असतात तसे ते नव्हते. मग तिनेच, जवळजवळ विनवल्यासारखे, विचारले, "मस्करी करतोयस का? मला माहीत आहे तुम्ही पोरं ते गाणं म्हणता. मस्करी असेल तर तसं सांग. मी पुन्हा पहिल्यापासून घेईन." तिने जणू दार उघडून धरले होते. एक शब्द पुरे होता: हो. आणि हसायचे. मग दुसरे शब्द, ज्यांतले दोन गाळले तरी चालतील, कारण ऑगस्टात दोन गाळलेले होते. आणि मग पडदा, मैदान, ऑटिसचा गुडघा, खाली आकाश, आणि त्या आकाशात एका पायावर उभा राहून त्याच्या मानेकडे पाहणारा टेरेल. आणि वर कुठेतरी त्या मानेकडेच पाहणारी, रात्रभर न झोपलेली एक बाई.

त्याच्या हनुवटीखालचा पट्टा ओला होता, सुटेना. शेवटी सुटला. त्याने हेल्मेट काढले आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरले. डोक्याला मार लागलेल्या मुलाचे हेल्मेट ती काढून घेऊन स्वतःजवळ ठेवी, म्हणजे कोच कितीही ओरडला, मूल कितीही रडले, तरी ते परत मैदानात पळू शकत नसे. हे सर्वांना ठाऊक होते. आजवर तिला ते नेहमी हिसकावून घ्यावे लागले होते. तिने ते घेतले, मांडीवर ठेवले, आणि रंगवलेल्या दीपगृहावरचा चिखल अंगठ्याने पुसला. "ऑक्टोबरपासून," तो म्हणाला. एवढेच. "बरं," ती म्हणाली. मग पडद्याबाहेर तोंड काढून तिने कोचला दोन शब्द सांगितले, आणि त्याने दिलेली शिवी त्या आवाजातही ऐकू आली. मग लिंडेलच्या नावाची हाक.

ती परत येऊन त्याच्या शेजारी बाकावर बसली. कापडापलीकडे रंग हलत होते, माणसे नव्हे, फक्त रंग. त्याने डोळे मिटले. तिकडे आता लिंडेल ओणवा होत असेल. त्याच्या मांडीला ऑटिसची टिचकी बसेल, पहिलीच. मान वर होईल. एमेटने मनात मोजायचे नाही असे ठरवले आणि मोजले. आणि तेवढ्यात आवाज थांबला. एकदम, दिवा विझावा तसा. हजारो गळे एका क्षणात बंद. अशी शांतता त्या मैदानावर एकाच कारणाने पडते, कोच म्हणाला होता. त्याच्या छातीत काहीतरी भरून आले. मग ते तसेच मध्ये थांबले, कारण त्याला आठवले, की रस्त्यावरचा पांढरा माणूसही इतकाच स्वच्छ होता.

त्याने चाचपडत हात पुढे केला आणि मिस जोलीनच्या कोटाची बाही धरली. "शांत झालं का?" त्याने विचारले.

"अजून नाही," ती म्हणाली.

तिला तो प्रश्न विचित्र वाटला नाही. तिने बाही सोडवून घेतली नाही. दोघे तसेच बसून राहिले, निळ्या उजेडात, हेल्मेट तिच्या मांडीवर. आणि तो डोळे मिटून, काहीही न मोजता, बोटांत तेवढे एक जाडेभरडे कापड घट्ट धरून वाट पाहत राहिला. पुष्कळ वेळ गेला, की थोडाच, त्याला सांगता आले नसते.

"हं," मिस जोलीन म्हणाली. "आता."